इनांडाची मतपेटी

२७ एप्रिल १९९४ या दिवशी नेल्सन मंडेला यांनी आयुष्यातील पहिले मत टाकले. त्यांचे वय तेव्हा ७५ वर्षांचे होते. मतदानासाठी त्यांनी जोहान्सबर्ग किंवा प्रिटोरिया यांसारखे मोठे शहर निवडले नाही. दरबानच्या उत्तरेस इनांडा नावाची डोंगरउतारावर पसरलेली गरीब वस्ती आहे. तेथील ओहलांगे विद्यालयात ते गेले. हे विद्यालय जॉन दुबे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन केले होते, आणि १९१२ साली जन्मास आलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्षही दुबेच होते. त्यांची समाधी तेथेच आहे. मत टाकण्याच्या वेळी मंडेला या समाधीपाशीही गेले, आणि ज्याने हे काम आरंभिले त्याला ते पूर्ण झाल्याची वर्दी दिली, असे तेव्हाचे वृत्तान्त सांगतात.

या स्थळाशी मराठी वाचकाचे एक जुने नाते आहे, ते सहसा सांगितले जात नाही. ओहलांगेपासून थोड्याच अंतरावर फीनिक्स येथे गांधीजींनी १९०४ साली आपला आश्रम वसविला आणि ‘इंडियन ओपिनियन’चा छापखाना तेथे हलविला. १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. गिरमिटाची मुदत संपलेल्या हिंदी मजुरांवर नाताळ सरकारने लादलेला वार्षिक तीन पौंडांचा कर रद्द व्हावा, हा त्या दौऱ्याचा मुख्य हेतू होता. त्याच दौऱ्यात नोव्हेंबर महिन्यात गोखले गांधीजींसह ओहलांगेस गेले, दुबे यांना भेटले आणि एतद्देशीयांच्या प्रश्नांविषयी त्यांच्याशी बोलले. ज्या आवारात ८२ वर्षांनंतर मतपेटी ठेवली गेली, त्या आवारात फर्ग्युसन महाविद्यालयाचा एक जुना प्राध्यापक असा येऊन गेला होता.

मताचा प्रश्न तर त्याहूनही जुना. नाताळमधील हिंदी लोकांना मताधिकार नाकारणारे विधेयक १८९४ साली पुढे आले, म्हणूनच स्वदेशी परतावयास निघालेले तरुण बॅरिस्टर गांधी तेथे राहिले आणि नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. त्या झगड्यास १९९४ साली बरोबर शंभर वर्षे पूर्ण झाली. मधल्या काळात मताधिकार वाढण्याऐवजी आकसतच गेला. केप प्रांतात मिळकतीच्या व शिक्षणाच्या अटींवर काही आफ्रिकी मतदार होते. त्यांना १९३६ साली सर्वसाधारण यादीतून काढण्यात आले. मिश्रवर्णीयांची नावे १९५६ साली गेली. पुढे १९८३ च्या राज्यघटनेने गोरे, मिश्रवर्णी आणि हिंदी अशी तीन सभागृहांची संसद निर्माण केली. बहुसंख्य आफ्रिकींना तीत चौथे सभागृहसुद्धा नव्हते. त्यांनी आपले मत आपापल्या ‘स्वदेशा’त, म्हणजे सरकारने आखून दिलेल्या दहा राखीव प्रदेशांत, टाकावे अशी योजना होती. १९८४ साली हिंदी व मिश्रवर्णी मतदारांपैकी बहुतेकांनी या संसदेच्या निवडणुकीवर बहिष्कार घातला, ही त्यांच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट होय.

१९९४ ची निवडणूक सुखासुखी झाली नाही. मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी तुरुंगातून सुटले. त्यानंतरच्या चार वर्षांत राजकीय हिंसाचारात हजारो माणसे मेली. एप्रिल १९९३ मध्ये क्रिस हानी यांचा खून झाला, तेव्हा देश यादवीच्या कड्यावर उभा होता. झुलूंच्या इन्काथा पक्षाने मतदानाच्या जेमतेम आठवडाभर आधी निवडणूक लढविण्याचे कबूल केले. मतपत्रिका आधीच छापून झाल्या होत्या. मग त्या पक्षाचे नाव व त्याच्या नेत्याचे चित्र छापलेली चिठ्ठी कोट्यवधी मतपत्रिकांच्या तळाशी चिकटविण्यात आली. मतदारांची यादीच अस्तित्वात नव्हती. ओळखीचा कागद दाखवावयाचा, हाताला न दिसणारी शाई लावून घ्यावयाची, आणि मत द्यावयाचे. मतदान २६ एप्रिलला वृद्ध, आजारी व परदेशस्थ मतदारांपासून सुरू झाले, आणि काही भागांत २९ पर्यंत लांबवावे लागले. मतदानाच्या तोंडावर जोहान्सबर्गमध्ये बाँबस्फोट होऊन माणसे ठार झाली. तरीही मैलभर लांबीच्या रांगा लागल्या. मालकीण आणि तिच्या घरची मोलकरीण एकाच रांगेत तासन् तास उभ्या राहण्याचा प्रसंग त्या देशाने प्रथमच पाहिला.

सुमारे १ कोटी ९५ लाख वैध मते पडली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला ६२.६५ टक्के मते आणि ४०० पैकी २५२ जागा मिळाल्या. वर्णभेदाचे शासन ज्याने उभारले त्या नॅशनल पक्षालाही २० टक्क्यांहून अधिक मते पडली, आणि पश्चिम केप प्रांत तर त्याने जिंकला. तेथे त्याला विजय मिळवून दिला तो मुख्यत्वे मिश्रवर्णी मतदारांनी. दरबानच्या हिंदी वस्त्यांतही या पक्षाला पुष्कळ मते पडली. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी त्याच पक्षाच्या संसदेवर बहिष्कार घातला, त्यांनीच हे करावे याचे जगाला आश्चर्य वाटले. कारण मात्र समजण्यासारखे होते. वर्णभेदाच्या उतरंडीत सर्वांत वर गोरे, सर्वांत खाली आफ्रिकी, आणि मध्ये हे दोन समाज होते. मधल्या पायरीवरच्या माणसाला वरच्याचा अन्याय सोसावा लागतो, आणि खालच्याला न्याय मिळाला तर आपली पायरी जाईल असे भयही त्याला असते. दरबानमध्ये १९४९ साली आफ्रिकी व हिंदी यांच्यात झालेला भीषण दंगा लोक विसरले नव्हते. १९८५ च्या ऑगस्टमध्ये इनांडात उसळलेल्या दंगलीत हिंदी कुटुंबांना घरदार सोडून पळावे लागले होते आणि गांधीजींचा फीनिक्सचा आश्रम जळाला होता. ओहलांगेच्या मतपेटीकडे पाहताना ही राखही ध्यानात ठेवली पाहिजे.

आता या मतदारांनी कशाची आशा धरली होती ते पाहू. निवडणुकीपूर्वी काँग्रेसने ‘पुनर्रचना व विकास कार्यक्रम’ लोकांपुढे ठेवला होता. पाच वर्षांत दहा लाख घरे बांधू, इ. स. २००० पर्यंत २५ लाख घरांत वीज नेऊ, आणि पाच वर्षांत शेतजमिनीचा ३० टक्के भाग नव्या हातांत देऊ, ही त्यातील ठळक आश्वासने होत. आश्वासने इतकी मोजूनमापून क्वचितच दिली जातात. त्यामुळे नंतर त्यांचा हिशेब मांडणेही सोपे झाले.

परंतु सत्ता हाती आली ती वाटाघाटींतून आली, लढाई जिंकून नव्हे, आणि वाटाघाटींची किंमत असते. जुन्या नोकरशाहीला व लष्कराला त्यांच्या नोकऱ्यांची हमी देण्यात आली. ही सवलत सुचविणारे जो स्लोवो हे स्वतः कम्युनिस्ट पक्षाचे नेते होते. खाजगी मालमत्तेचे संरक्षण घटनेत आले. जुन्या राजवटीचे सरकारी कर्ज नव्या राजवटीने पत्करले. ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ निम्मे होते. ज्या राजवटीने लोकांना तुरुंगात घातले, तिने काढलेले कर्ज त्याच लोकांनी फेडावयाचे, असा हा करार होता. तो न केला असता तर भांडवल देशाबाहेर पळाले असते आणि कदाचित बंदुकाही पुन्हा बोलू लागल्या असत्या. १९९६ साली सरकारने काटकसरीचे व खुल्या बाजाराचे अर्थधोरण स्वीकारले. त्यावर अजून वाद होतो, आणि दोन्ही बाजूंकडे वजनदार पुरावे आहेत. एवढे निश्चित की, मतपेटीने राजवाडा दिला तेव्हा तिजोरीची किल्ली त्याबरोबर आली नव्हती.

या आश्वासनांपैकी घरांचे आश्वासन निरखून पाहण्यासारखे आहे, कारण यश आणि अपयश दोन्ही तेथे एकाच विटेत सापडतात. नव्या मंत्रिमंडळात गृहनिर्माण खाते आले ते त्याच जो स्लोवो यांच्याकडे. ते जानेवारी १९९५ मध्ये वारले, पण जाण्यापूर्वी त्यांनी योजनेचा पाया घातला होता. महिना ८०० रँडपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास १५,००० रँडचे अनुदान मिळावयाचे. एवढ्यात जागा, रस्ता, पाणी, गटार आणि घर, सर्व बसवावयाचे. गेल्या तीस वर्षांत अशी ३० लाखांहून अधिक घरे उभी राहिली. जगातील फार थोड्या सरकारांनी गरिबांसाठी इतकी घरे बांधून फुकट दिली असतील. ज्या बाईच्या आईला शहरात रात्र काढावयाची तर खिशात पास बाळगावा लागत असे, तिच्या हाती घराची किल्ली पडली.

आता त्या घराची जागा पाहावी. अनुदान ठराविक, त्यातून जागेवर जितके कमी खर्च होईल तितके भिंतींसाठी उरावयाचे. म्हणून कंत्राटदार स्वस्त जागा शोधणार. स्वस्त जागा कोठे असते? शहराच्या कडेला, आणि बहुधा नेमकी त्या जागी, जेथे वर्णभेदी सरकारने आफ्रिकींना हाकलून वसविले होते. १९५० च्या विभागक्षेत्र कायद्याने प्रत्येक वंशाची वस्ती वेगळी केली होती, आणि दोन वस्त्यांमध्ये रेल्वेमार्ग, नाला, कारखाने वा मोकळे रान राहील असा आराखडा आखला होता. कायदा १९९१ साली रद्द झाला. आराखडा तसाच राहिला. नव्या घरांनी त्याच आराखड्याला आणखी एक पदर जोडला. केपटाउनच्या बाहेरील वालुकामय माळावर किंवा जोहान्सबर्गच्या दूरच्या टोकाला राहणारा मजूर पहाटे अंधारात निघतो, मिनिबस टॅक्सी एकदा-दोनदा बदलतो, आणि मजुरीचा मोठा हिस्सा भाड्यात घालवून गोऱ्यांच्या उपनगरात कामाला पोचतो. आजीच्या काळी पास होता, आज भाडे आहे. दोन्हींत मूलभूत अंतर आहे आणि ते कमी लेखता कामा नये: पोलिसाने अडविले तर आज कोणी तुरुंगात जात नाही. पण दिवसाचे चार तास रस्त्यावर जातात ते जातातच.

शिवाय ही घरे लहान होती. आरंभीची पुष्कळ घरे वर्णभेदी राजवटीने बांधलेल्या ज्या घरांना लोक ‘काडेपेट्या’ म्हणून हिणवीत, त्यांच्याहूनही लहान भरली. लाखो कुटुंबांच्या हाती मालकीचा नोंदलेला कागद अद्याप पडलेला नाही. घर आहे पण कागद नाही, म्हणून त्यावर कर्ज मिळत नाही आणि ते रीतसर विकताही येत नाही. लोकांनी मात्र आपल्या परीने वाट काढली. घराच्या मागच्या अंगणात पत्र्याची खोली उभारावयाची आणि ती भाड्याने द्यावयाची. आज असंख्य कुटुंबांचा चरितार्थ या मागच्या खोलीवर चालतो, आणि असंख्य कुटुंबे तिच्यात राहतात. हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नव्हते.

विजेची गोष्ट अधिक उजळ आहे. १९९६ च्या जनगणनेत सुमारे ५८ टक्के घरांत विजेचा दिवा होता. २०२२ च्या जनगणनेत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या जवळ पोचले. नळाचे पाणीही फार मोठ्या प्रमाणावर गेले. वृद्धांचे निवृत्तिवेतन पूर्वी वर्णानुसार कमीअधिक असे, ते १९९३ साली समान झाले. १९९८ साली सात वर्षांखालील गरीब मुलांसाठी महिना १०० रँडचे अनुदान सुरू झाले; वयाची मर्यादा टप्प्याटप्प्याने १८ पर्यंत वाढविण्यात आली, आणि आज सुमारे १ कोटी ३० लाख मुलांसाठी ते दिले जाते. अनेक खेड्यांत आजीचे निवृत्तिवेतन आणि नातवाचे अनुदान याच घरातल्या रोख पैशाच्या दोन वाटा आहेत. विजेच्या बाबतीत पुढे विपरीत घडले. तारा पोचल्या, पण नवी वीजकेंद्रे वेळेवर झाली नाहीत. २००७-०८ पासून पाळीपाळीने अंधार सुरू झाला आणि २०२३ साली तो दिवसाचे कित्येक तास असे.

जमिनीचा हिशेब थोडक्यात सांगता येईल, कारण सांगण्यासारखे थोडेच घडले. १९१३ च्या कायद्याने आफ्रिकींसाठी देशाची अवघी ७ टक्के जमीन राखली होती. १९३६ साली हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास नेण्यात आले. नव्या सरकारने १९ जून १९१३ नंतर हिरावलेली जमीन परत मागण्याचा हक्क दिला आणि बाकीची जमीन राजीखुशीने विकणाऱ्याकडून बाजारभावाने घेण्याचे धोरण ठेवले. पाच वर्षांत ३० टक्क्यांचे लक्ष्य साधले नाही. मुदत २०१४ पर्यंत वाढविली, तेव्हाही साधले नाही. २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार व्यक्तींच्या नावे असलेल्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे आणि ४ टक्के आफ्रिकींकडे होती. परत मागणाऱ्यांपैकी पुष्कळांनी जमिनीऐवजी रोख रक्कम घेतली. दोन पिढ्या शहरात गेल्यावर नांगर धरावयास कोण परत जाणार? मात्र शहरांतील जागेची ओढ वेगळी होती. केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ साली गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि ६०,००० हून अधिक माणसे तेथून उठविली गेली. घरे पाडली, पण त्या जागेचा मोठा भाग वर्षानुवर्षे ओसाडच राहिला. रत्नागिरीकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांचा एक जुना समाज केपटाउनात आहे. हिंदी म्हणून त्यांना याच कायद्याखाली रायलंड्स या राखीव विभागाकडे जावे लागले, आणि कोकणातून नेलेली बोली तेथील जुन्या माणसांनी जपली. डिस्ट्रिक्ट सिक्सच्या पहिल्या दोन वृद्ध रहिवाशांना २००४ साली मंडेलांच्या हस्ते नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. बाकीच्यांपैकी कित्येक वाट पाहतच वारले. नुकसानभरपाईशिवायही काही परिस्थितींत जमीन घेण्याची तरतूद असलेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही व्हावयास २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला, आणि लगेच त्यास न्यायालयात आव्हाने मिळाली.

तथापि घर, वीज आणि जमीन यांहूनही मोठे दुःख रोजगाराचे आहे. दक्षिण आफ्रिकेत काम शोधणाऱ्या दर तिघांपैकी जवळजवळ एकाला काम नाही. १५ ते २४ वयाच्या तरुणांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास आहे. आफ्रिकींमधील बेकारी गोऱ्यांमधील बेकारीच्या कित्येक पट आहे. याचे एक कारण खाणींत आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सोन्याच्या खाणींत पाच लाखांहून अधिक मजूर होते. आज ते एक लाखाच्या आसपास उरले आहेत. सोने खोल गेले, खर्च वाढला. दुसरे कारण कापडाच्या व शिवणाच्या कारखान्यांत आहे. जकातीच्या भिंती उतरल्यावर स्वस्त परदेशी माल आला आणि दरबानमधील कारखाने एकामागून एक बंद पडले. त्यांत हिंदी व आफ्रिकी बायका शेजारी शेजारी बसून काम करीत. बेकारीत मात्र त्या आपापल्या वस्तीत परतल्या. तिसरे कारण शाळा. कृष्णवर्णीयांना मुद्दाम निकृष्ट शिक्षण देण्याचा कायदा १९५३ साली झाला होता. तो गेला, वर्गांची दारे सर्वांस उघडली. परंतु १९९६ च्या शाळा कायद्याने पालक समित्यांना फी आकारण्याची मुभा दिली. चांगल्या शाळा टिकाव्यात हा त्यामागील हेतू. परिणाम असा झाला की, पूर्वी वर्ण पाहून प्रवेश मिळत असे, आता पुष्कळ ठिकाणी खिसा पाहून मिळतो; आणि खिसा बहुतांशी अजून वर्णाप्रमाणेच भरलेला आहे. १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना येथे पगारवाढ मागणाऱ्या प्लॅटिनम खाणीतील ३४ कामगारांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या वेळी सरकार मतदारांनी निवडून दिलेले होते.

सर्व आफ्रिकी गरीब राहिले असे मात्र मुळीच नाही. १९९८ च्या रोजगार-समता कायद्याने आणि २००३ च्या कृष्णवर्णी आर्थिक सबलीकरण कायद्याने वकील, डॉक्टर, अधिकारी व उद्योजक यांचा एक मोठा वर्ग उभा राहिला. ‘कृष्णवर्णी’ या व्याख्येत मिश्रवर्णी व हिंदी यांनाही धरले आहे. तरीही मोठ्या कंपन्यांच्या सर्वोच्च पदांपैकी ६० टक्क्यांहून अधिक पदे गोऱ्यांकडेच आहेत, आणि गोरे लोकसंख्येच्या सुमारे ७ टक्के. माणसाची वर्णवारी ठरविणारा १९५० चा कायदा रद्द होऊनही ते चार जुने रकाने अर्जावर राहिलेच, कारण अन्याय ज्या रकान्यांनी झाला त्यांच्यावाचून त्याचे मोजमाप होत नाही. भारतात जातीच्या दाखल्यावरून चाललेला वाद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या पेचात अपरिचित असे काही वाटणार नाही. मात्र एक फरक मोठा आहे: येथे राखीव जागा अल्पसंख्य दुर्बलांसाठी आल्या असे मानण्याची प्रथा पडली, तेथे दुर्बल हेच पाचांपैकी चार आहेत. दरम्यान विषमतेचे रूपही पालटले. एकेकाळी ती दोन वर्णांमधील होती; आज खुद्द आफ्रिकींच्या आतली दरीही फार रुंद झाली आहे. जागतिक बँकेने २०२२ साली या देशाची गणना जगातील सर्वांत विषम देश म्हणून केली. तेथील वरच्या १० टक्क्यांकडे ८० टक्क्यांहून अधिक संपत्ती आहे.

आणि लूट. जेकब झुमा यांच्या कारकिर्दीत सरकारी कंपन्यांच्या नेमणुका व कंत्राटे एका उद्योगी कुटुंबाच्या दिवाणखान्यातून कशी चालत, याचा तपशील न्यायमूर्ती झोंडो यांच्या आयोगाने २०२२ पर्यंत अनेक खंडांत बाहेर आणला. गुप्ता नावाचे हे कुटुंब उत्तर प्रदेशातील सहारनपूरचे, हे भारतीय वाचकाने डोळ्याआड करू नये. १८६० साली मद्रासहून ऊस तोडावयास गेलेल्या गिरमिटियांच्या वंशजांशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण रस्त्यावरच्या संतप्त माणसाला हा भेद कोण समजावून सांगणार?

तो प्रसंग आलाच. जुलै २०२१ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल झुमा तुरुंगात गेले आणि क्वाझुलू-नाताळ व जोहान्सबर्गच्या परिसरात लुटालूट सुरू झाली. ३५० हून अधिक माणसे मेली. पोलीस दिसेनासे झाले. इनांडाला लागूनच फीनिक्स नावाचे उपनगर आहे. आश्रमाचेच नाव घेऊन १९७० नंतरच्या दशकात, हिंदी लोकांना शहराच्या मध्यभागातून उठवून वसविण्यासाठी ते उभारले गेले. तेथील रहिवाशांनी शस्त्रे घेऊन रस्त्यांवर नाकी उभारली. त्या दिवसांत फीनिक्समध्ये ३६ माणसे मृत्यू पावली. त्यांतील ३३ आफ्रिकी होती. काही जण निव्वळ त्या रस्त्याने जात होते. घाबरलेली हिंदी कुटुंबे आणि मृतांचे आफ्रिकी नातेवाईक, दोघांनीही आपल्या तक्रारी मानवी हक्क आयोगापुढे मांडल्या. ओहलांगेची मतपेटी, दुबे यांची समाधी, २००० साली पुन्हा उभारलेला गांधीजींचा आश्रम, आणि ही नाकी: हे सर्व काही मैलांच्या आत आहे. दोन वस्त्यांमधील सरहद्द १९५० च्या कायद्याने आखली होती. तीस वर्षांच्या लोकशाहीत ती ओलांडून एकमेकांच्या शेजारी राहावयास गेलेली कुटुंबे थोडीच, कारण घर बदलण्यास पैसा लागतो आणि पैसा येण्यास काम.

२९ मे २०२४ च्या निवडणुकीत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला ४०.१८ टक्के मते पडली आणि १९९४ पासूनचे तिचे बहुमत गेले. ज्या प्रांतात मंडेलांनी पहिले मत टाकले, तेथे तिला सुमारे १७ टक्के मते मिळाली; झुमांच्या नव्या पक्षाने ४५ टक्के घेतली. सत्ता शांतपणे वाटली गेली. गोऱ्या मतदारांचा मोठा आधार असलेला पक्ष सरकारात आला, आणि कोठे गोळी चालली नाही; १९९४ च्या कराराचे हे श्रेय त्याला दिले पाहिजे. मात्र त्या दिवशी एकूण सुमारे १ कोटी ६३ लाख मते पडली. १९९४ साली लोकसंख्या सुमारे ४ कोटी असताना रांगेत उभ्या राहिलेल्यांपेक्षा ही संख्या ३० लाखांहून अधिक कमी आहे, आणि आता देशात ६ कोटींहून अधिक लोक राहतात. नोंदणी केलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक घरीच राहिले. ज्यांनी नावच नोंदविले नव्हते असे लोक कोट्यवधी होते, आणि नाव न नोंदविण्याचे प्रमाण १८-१९ वर्षांच्या मुलामुलींत सर्वांत मोठे होते. मंडेलांच्या मतदानानंतर दहा-बारा वर्षांनी जन्मलेली ही पिढी आहे. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत वाढलेली, आणि आता कामाच्या शोधात मिनिबसचे भाडे जमवीत असलेली.